जे नीट वाचायचं, ते कागदावर : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

मी मुद्रितशोधनाचं काम करते. स्मरणिका, गौरवग्रंथ, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक असं काहीबाही छपाईला जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातं. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेचं प्रूफ घाईत लॅपटॉपवरच तपासून दिलं. तीनदा वाचलं होतं. छापून आलेला गठ्ठा सोडला, वरची प्रत हातात घेतली आणि मथळ्यावरच नजर अडकली : ‘शिक्षक दीन विशेष’. पहिल्या वेलांटीच्या जागी दुसरी. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बापुडा. आणि त्या प्रती जाणार होत्या शिक्षकांच्याच हातात. रात्री बसून आम्ही एकेका प्रतीवर दुरुस्तीची पट्टी चिकटवली. पडद्यावर तीनदा समोरून गेलेली चूक कागदावर पहिल्याच क्षणी दिसली, हे त्या रात्री मनात पक्कं बसलं. तेव्हापासून शेवटचं वाचन मी कागदावरच करते.

‘दहा पानांचा लेखसुद्धा हल्ली सलग वाचून होत नाही,’ असं अनेकजण सांगतात. त्यात विद्यार्थी असतात, नोकरी करणारे असतात, सत्तरीचे काकाही असतात. त्यांना मी जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. फोन टाकून द्या असं मी म्हणत नाही. वाचनाचा एक ठरावीक भाग कागदावर आणायचा, एवढंच.

कागदाने नेमकं काय होतं

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या पाब्लो डेलगाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली 54 अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. त्या सगळ्यांत मिळून 1,71,000 च्या आसपास वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना तो जास्त समजला होता, आणि वेळेचं बंधन असताना हा फरक अधिक होता. निव्वळ गोष्टी-कथांच्या बाबतीत मात्र फरक आढळला नाही. म्हणून कथा-कादंबरी फोनवर वाचत असाल तर त्यात काही बिघडत नाही. करार, अभ्यासाचं प्रकरण, लांब वैचारिक लेख, शासन निर्णय यांची गोष्ट वेगळी.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. इस्रायलमधल्या रॅकेफेट आकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांनी 2011 साली दाखवलं, की पडद्यावर वाचणारे ‘आपल्याला किती समजलं’ याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा जास्त बांधतात. म्हणजे समजलेलं नसतं, पण समजल्यासारखं वाटतं. माझ्या स्मरणिकेच्या वेळी अगदी हेच झालं होतं.

माझ्या अनुभवातलं कारण साधं आहे. कागदावर मजकुराला जागा असते. ‘ते वाक्य डाव्या पानावर, खाली, तक्त्याच्या जरा वर होतं’ असं आठवतं, आणि वाक्याबरोबर त्याचा अर्थही आठवतो. फोनवर सगळं एकाच खिडकीतून वर सरकत जातं. कुठलंच वाक्य कुठेच नसतं.

पहिली पायरी : काय कागदावर आणायचं ते ठरवा

सगळंच छापायला लागलात तर आठवड्यात कंटाळाल. स्वतःला तीन प्रश्न विचारा. यावर मला सही करायची आहे का? यावर परीक्षा द्यायची आहे किंवा चार लोकांसमोर बोलायचं आहे का? हे वाचताना मागची पानं पुन्हा पुन्हा उलटावी लागणार आहेत का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तर कागद. बातम्या, पाककृती, गाड्यांच्या वेळा, निरोप हे फोनवरच बरं.

तिसऱ्या प्रश्नाचं उदाहरण माझ्या ओळखीच्या एका सोसायटीतलं आहे. पुनर्विकासाच्या कराराचा मसुदा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आला. दोन दिवसांत बहुतेकांनी ‘वाचला, ठीक आहे’ असं कळवलंही. एका काकूंनी तेवढा झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पानं पसरली. कराराच्या मुख्य भागात लिहिलं होतं, की घरभाडं भोगवटा प्रमाणपत्र (नव्या इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) मिळेपर्यंत दिलं जाईल. मागच्या परिशिष्टातल्या तक्त्यात मात्र भाड्याची मुदत 36 महिने अशी होती. इमारत 37 व्या महिन्यात रखडली तर काय, याचं उत्तर कुठल्या पानावर शोधायचं? दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली म्हणून ही विसंगती दिसली. फोनवर त्या दोन वाक्यांमध्ये वीसेक पानांचं अंतर होतं आणि अंगठा एवढा मागे-पुढे करायला कुणीच बसत नाही. सर्वसाधारण सभेत काकूंनी ती दोन पानंच वर धरून दाखवली आणि मसुदा दुरुस्तीसाठी परत गेला.

दुसरी पायरी : छपाई नीट करून घ्या

बहुतेक जण इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सुरुवात 10 ते 15 पानांच्या एकाच मजकुराने करा. 200 पानांचं स्पायरल करून घरी आणलंत तर ते कपाटावर जाऊन बसेल.

एखादा लेख वेबसाइटवर असेल तर तसाच छापू नका. जाहिराती, मेन्यू, ‘हेही वाचा’ असं सगळं कागदावर येतं. फायरफॉक्स किंवा सफारीमध्ये लेख रीडर व्ह्यूमध्ये उघडा आणि तिथूनच छापा, म्हणजे फक्त मजकूर येतो. ते जमत नसेल तर मजकूर उचलून वर्ड किंवा गुगल डॉक्समध्ये टाका. मराठीसाठी अक्षर 14 पॉइंटच्या आसपास ठेवा. इंग्रजीत 11-12 पॉइंट चालतो, पण देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार असतात, त्यांना श्वास घ्यायला जागा लागते. ओळींमधलं अंतर दीडपट. डावा समास सव्वा इंच, कारण तिथे पंच किंवा स्पायरल येणार. उजवा समास किमान एक इंच, तो तुमच्या पेन्सिलसाठी.

मग त्याची पीडीएफ करा आणि दुकानात पीडीएफच द्या. वर्डची फाइल दिली आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला, तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात आणि जोडाक्षरं सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तर निव्वळ खुणांचा चिवडा होऊन बाहेर येते. म्हणून आधी एकच पान छापायला सांगा आणि त्यावर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाड’ असे शब्द शोधा. मराठीतला हा ऱ पहिल्यांदा बिघडतो. आणि तो बिघडणं परवडत नाही : दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र, आचाऱ्यांना दिलेला निरोप आचार्यांना पोहोचून चालत नाही. ते पान बरोबर आलं की उरलेली छापा.

कागद 70 किंवा 75 जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तेवढे ग्रॅम) पुरतो. पाठपोट छापणार असाल तर 75 च्या खाली जाऊ नका, नाहीतर मागची अक्षरं पुढे दिसतात आणि डोळे शिणतात. पहिल्यांदा मात्र मी एकाच बाजूला छापायला सांगते. समोर कोरी पाठ राहते, तिथे टिपणं काढता येतात आणि पानं टेबलावर पसरता येतात. कागद वाया जाईल असं वाटणाऱ्यांनी घरातले पाठकोरे कागद वापरावेत. शाळेच्या जुन्या सूचना, बँकेची पत्रं, मुलांच्या प्रोजेक्टचे उरलेले कागद असे प्रत्येक घरात पडलेले असतात. फक्त स्टेपलच्या पिना काढा, त्या प्रिंटरमध्ये अडकतात.

पुस्तिका करायची हौस असेल तर प्रिंटच्या खिडकीत ‘बुकलेट’ निवडा. ए4 कागद मधोमध दुमडला की ए5 ची चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा : 16 पानांना 4 कागद. एक ध्यानात ठेवा, ए4 चं पान ए5 वर आलं की अक्षर साधारण 71 टक्क्यांवर येतं. 12 पॉइंटचं साडेआठ होतं. ते वाचताना चाळिशीचा चष्मा असूनही कपाळाला आठ्या पडतात. मराठी पुस्तिकेसाठी मूळ अक्षर 20 पॉइंटचं घ्या, म्हणजे छापून 14 च्या आसपास येतं.

आणि दुकानातून निघताना आपली फाइल त्यांच्या कॉम्प्युटरवरून आपल्यासमोर काढून टाकायला सांगा. करार, वैद्यकीय अहवाल, आधारची प्रत यांच्या बाबतीत संकोच करू नका.

तिसरी पायरी : पुस्तकं विकत घेण्याआधी वाचनालय गाठा

नव्या वाचकाने एकदम दहा पुस्तकं विकत घेतली की ती न वाचल्याचं ओझं होतं. वाचनालयातल्या पुस्तकाला परत करायची तारीख असते, ती कामाला येते. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. तालुक्याच्या गावीही एखादं सापडतंच. थोडी अनामत आणि मासिक वर्गणी भरली की काम झालं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं. ही दारं इतकी वर्षं उघडी आहेत आणि आपण शेजारून स्कूटर काढतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. परदेशात असाल तर महाराष्ट्र मंडळात विचारा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेतल्या पुस्तकांच्या पेट्या दुबईपर्यंत गेल्या आहेत.

पहिलं पुस्तक जाड घेऊ नका. दिवाळी अंक उत्तम. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कथा, लेख, कविता एका जिल्दीत मिळायची सोय आपल्याला आहे. सहा-आठ पानांचा एक लेख म्हणजे एक बैठक. लेख आवडला नाही तर पुढचा घ्या. वाचनालयात गेल्या वर्षीचे अंक सहसा पडून असतात, ग्रंथपालांना विचारलं तर काढून देतात.

चौथी पायरी : बैठक

वेगळी अभ्यासिका लागत नाही. एक खुर्ची, एक टेबल आणि डाव्या खांद्यावरून येणारा उजेड. डावखुरे असाल तर उजव्या. छतावरच्या एकट्या ट्यूबलाइटखाली आपल्याच डोक्याची सावली पानावर पडते. साधा टेबल-लॅम्प घेतलात तरी फरक कळेल. पान सपाट ठेवण्यापेक्षा थोडं तिरकं ठेवलं तर मान भरून येत नाही. घरात पोथी वाचायची घडीची लाकडी बैठक असेल तर तीच घ्या. आपल्या आज्यांनी पारायणाला कशी मांडणी केली होती ते आठवा. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, समोर तेवढंच. लोळून वाचलंत तर झोप येईल, त्यात तुमचा दोष नाही.

फोन दुसऱ्या खोलीत. पालथा घालून टेबलावर ठेवणं म्हणजे दुसरी खोली नव्हे. वेळ बघायला भिंतीवरचं घड्याळ आणि गजरासाठी स्वयंपाकघरातला टायमर वापरा. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर रिंगचा आवाज मोठा ठेवा आणि फोन हॉलमध्ये ठेवा. फोन आला तर ऐकू येईलच.

पहिल्या आठवड्यात रोज 20 मिनिटं, त्याहून जास्त नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होईल. पाणी प्यावंसं वाटेल, कुणाला तरी निरोप पाठवायचा राहिला असं आठवेल. शेजारी कागदाचा एक कपटा ठेवा, जे आठवेल ते त्यावर लिहा आणि पुन्हा ओळीवर या. बहुतेकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा कपटा लागेनासा होतो.

पाचवी पायरी : पेन्सिल आणि पोस्टकार्ड

माझ्या कामातली एक युक्ती इथे उपयोगी पडते. एक जुनं पोस्टकार्ड किंवा जाड कागदाची पट्टी घ्या. डोळे पुढे पळत असतील तर ती चालू ओळीच्या खाली धरा, म्हणजे पुढचं दिसत नाही. उलट, तीच तीच ओळ पुन्हा वाचायची सवय लागली असेल तर पट्टी वाचून झालेल्या ओळीवर ठेवत खाली या. सुरुवातीला ही पट्टी शाळकरी वाटते. मी इतकी वर्षं ती वापरते आहे, आणि जड मजकुरात ती नसली की हात चाचपडतो.

खुणा मोजक्या ठेवा. महत्त्वाच्या मजकुराला समासात उभी रेघ, न समजलेल्याला प्रश्नचिन्ह, अडलेल्या शब्दाभोवती गोल. ओळीखाली रेघा ओढत बसू नका. अर्धं पान अधोरेखित झालं की काहीच अधोरेखित राहत नाही. शब्द अडला तरी लगेच उठू नका. गोल करा आणि पुढे जा. बैठक संपल्यावर गोल केलेले शब्द एकदम शब्दकोशात बघा. त्यातल्या निम्म्यांचा अर्थ पुढच्या परिच्छेदात आपोआप लागलेला असतो.

बैठकीच्या शेवटी कागद पालथा घाला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर, न बघता, आपल्या शब्दांत तीन ओळी लिहा : लेखक काय म्हणाला, का म्हणाला, मला कुठे पटलं नाही. लिहिता आलं नाही तर लाजू नका, त्या भागाकडे परत जा. समजल्यासारखं वाटणं आणि समजणं यांतला फरक इथेच कळतो.

वाचनालयाच्या पुस्तकावर मात्र एकही खूण करायची नाही, पेन्सिलनेही नाही, आणि पानाचा कोपराही मुडपायचा नाही. तिथे कागदाच्या चिठ्ठ्या घाला आणि पान नंबर टाकून वहीत लिहा.

काही अडचणी

चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. ‘वाचनात मन लागत नाही’ म्हणणाऱ्या दोघांना प्रत्यक्षात नवा चष्मा हवा होता, हे मी पाहिलं आहे. ज्यांची नजर फारच अधू आहे किंवा ज्यांना अक्षरं ओळखण्याची अडचण आहे, त्यांच्यासाठी पडद्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येणं किंवा मजकूर ऐकणं हेच योग्य. त्यांनी कागदाचा हट्ट धरू नये. किंडलसारखं ई-इंकचं यंत्र फोनपेक्षा डोळ्यांना खूप सौम्य असतं आणि त्यात निरोपही येत नाहीत. प्रवासात ते चांगलं. पण दोन पानं शेजारी पसरायची असतील तर त्याचा उपयोग नाही.

अभ्यासाचं साहित्य शोधण्याचं काम फोनवरच करा. हवा तो परिच्छेद क्षणात सापडतो, तिथे कागद मागे पडतो. शोधा पडद्यावर, वाचा कागदावर. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी हेच सांगते, आणि बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ फोनमध्ये असली तरी छापील पुस्तक घ्यायला लावते. ते स्वस्त असतं आणि समासात जागा असते.

छापलेल्या पानांचं काय करायचं

प्रत्येक मजकुराच्या पहिल्या पानावर वर तारीख आणि तो कुठून घेतला ते लिहा. दोन भोकं पाडून एका फाइलमध्ये लावत जा. पावसाळ्यात फाइली भिंतीला टेकवून ठेवू नका. ओल लागते, मग पानांना कसर लागते. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुस्तकांत ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे, पण ओला पाला ठेवू नका, त्याचे डाग पडतात. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की सगळं बाहेर काढून सावलीत वारा द्या.

दिवाळीच्या आवराआवरीत ढीग निवडायला बसाल तेव्हा प्रत्येक कागद पुन्हा वाचू नका, नुसती पानं उलटा. ज्यावर पेन्सिलची एकही खूण नाही तो रद्दीत. ज्याच्या समासात रेघा आहेत आणि पाठीवर तीन ओळी आहेत तो परत फाइलमध्ये. कराराच्या जुन्या मसुद्यांवर नाव, पत्ता, फ्लॅट नंबर असतो. ते रद्दीवाल्याला देण्याआधी फाडून टाका. सही झालेली अंतिम प्रत मात्र, नव्या घराची चावी हातात आली तरीही, टाकू नका.